कांजिण्यांची रजा

श्यामसुंदर वालावलकर भित्रा होता हे चकाल्याच्या गावठाणात सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्याला स्वतःला ते मान्य नव्हतं. तो म्हणायचा, "मी सावध आहे." आता सावध माणूस पावसाळ्यात छत्री घेऊन निघतो. श्यामसुंदर फेब्रुवारीतही छत्री घेऊन निघायचा आणि कुणी विचारलंच तर सांगायचा, "कुत्र्यांसाठी." पण एका बाबतीत मात्र त्याच्या भीतीला हसण्याची कुणाची छाती नव्हती. चार वर्षांपूर्वी धाकट्या मुलीच्या, प्रेमाच्या वेळी त्याच्या बायकोला, क्षमाला, फार रक्तस्राव झाला होता. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्याच्याकडे पाहिलं आणि काहीही न बोलता परत आत गेल्या. त्या काही बोलल्या असत्या तर तो एव्हाना विसरला असता. पण त्या न बोलता आत गेल्या, आणि ते दार त्याला अजून दिसायचं.

त्यामुळे सहासष्ट सालच्या गणपतीत क्षमाने पुन्हा दिवस गेल्याचं सांगितलं, तेव्हा त्याच्या हातातला मोदक हातातच राहिला. मृणालिनी आठ वर्षांची, अनंत सहाचा, प्रेमा चारची, आणि आता चौथं. स्टेशनजवळच्या त्याच नर्सिंग होममध्ये त्याने नाव घातलं. एप्रिलची तारीख मिळाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध एकच. विश्रांती. शेवटचे दोन महिने तर हिने पडूनच राहायचं." श्यामसुंदरने गंभीरपणे मान डोलावली, घरी येऊन क्षमाला म्हणाला, "विश्रांती घे हं," आणि चहा मागितला.

काळजी मात्र त्याने पुष्कळ केली. स्वतःचा आणि क्षमाचा रक्तगट एका चिठ्ठीवर लिहून ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. क्षमा काही बोलायला लागली की म्हणायचा, "तू बोलू नकोस, तुला दम लागेल." ती कमरेवर हात ठेवून कपडे वाळत घालायची, तेव्हा तो विहिरीच्या कठड्याशी उभा राहून काळजी करायचा. त्या वर्षी अनंतने शर्टाचं बटण गिळलं, प्रेमाने नाकात वाटाणा घातला, मृणालिनीने शाळेत 'आम्हाला बाळ होणार आहे, पण बाबा घाबरतात' असा निबंध लिहिला. प्रत्येक वेळी धावाधाव क्षमाने केली आणि पांढराफटक श्यामसुंदर पडला.

मग महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अनंत दात घासताना पोट खाजवत म्हणाला, "बाबा, मला माळ आलीय." त्याच्या पोटावर एका ओळीत कांजिण्यांचे सात फोड होते. श्यामसुंदरने ते तीनदा मोजले.

शेजारच्या रत्नप्रभाबाई हाक मारायच्या आतच हजर झाल्या. गावठाणात कुणाच्या घरी दूध उतू गेलं तरी त्यांना बातमी आधी कळायची. त्यांनी दारातूनच अनंतच्या फोडांना हात जोडले. "बाई आल्यात हो घरी. आता पाळणूक कडक करायची. फोडणी नाही, तळण नाही, दाराला कडुलिंब. पाहुणा नाही. आणि पोराच्या बापाने दाढी करायची नाही."

"किती दिवस?"

"सगळी पोरं आटपेपर्यंत. एकाला आल्या म्हणजे तिघांना येणार. पंधरा-पंधरा दिवसांनी." मग त्यांची नजर क्षमाच्या पोटाकडे गेली आणि त्या घाईघाईने दुसरीकडे बघायला लागल्या.

श्यामसुंदरने बोटं मोजली. पंधरा त्रिक पंचेचाळीस. बरोबर बाळंतपणापर्यंत. "क्षमा," तो ओरडला, "तू मागे हो! आणखी मागे! विहिरीच्या पलीकडे जा!"

"अहो, मी काय म्हणते, मला तर—"

"तू बोलू नकोस! दम लागेल!"

विहिरीपलीकडे घरमालकीण तेरेसामावशींचं घर होतं. मावशी म्हणजे गावठाणातली जुनी ख्रिस्ती बाई, उंच, लुगडं आखूड आणि आवाज मोठा. तीस वर्षं सुईण म्हणून नोकरी करून घरी बसलेल्या. त्या बाहेर आल्या, त्यांनी क्षमाकडे पाहिलं, क्षमाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मावशी म्हणाल्या, "माजी मागची खोली खाली हाय. ऱ्हाऊ दे हिला तिकडं. तू संबाल पोरांना."

"मी सांभाळीन," श्यामसुंदर म्हणाला. क्षमासाठी तो वाघाशीही लढला असता. फक्त समोर वाघ आहे हे त्याला आधी लेखी कळवायला हवं होतं.

"तुला येऊन गेल्यात ना रे?" मावशींनी विचारलं.

"दोनदा!" श्यामसुंदर छाती काढून म्हणाला. लहानपणी मालवणात आपण कडुलिंबाच्या पाल्यावर झोपलो होतो हे त्याला स्वच्छ आठवत होतं.

अशी वाटणी झाली. विहिरीच्या कठड्याला एक टोक आणि चिंचेला दुसरं अशी दोरी बांधली. मुलांनी ती ओलांडायची नाही. ओलांडली तर श्यामसुंदर शिट्टी वाजवणार. शिट्टी त्याने ऑफिसच्या पट्टेवाल्याकडून आणली होती. क्षमा तिच्या खिडकीत बसायची, मुलं दोरीच्या अलीकडे, आणि मधे श्यामसुंदर पहारा करायचा.

पहिल्या आठवड्यातच त्याला कळलं की तीन मुलं सांभाळणं हे काम बसून करता येत नाही. मृणालिनीच्या दोन वेण्या घालायला त्याला पाऊण तास लागला आणि त्या शेवटी तीन झाल्या. बिनफोडणीची आमटी पहिल्या दिवशी मुलांनी खाल्ली, दुसऱ्या दिवशी पाहिली आणि तिसऱ्या दिवशी अनंत म्हणाला, "बाबा, बाईंना पण हे आवडणार नाही." प्रेमाला डास चावला तरी तो पाटी-पेन्सिल घेऊन फोड मोजत बसायचा. दाढी वाढत होती. किरकोळ रजा संपली. दिवसा मुलांकडे बघणाऱ्या रत्नप्रभाबाईंनी पुतणीच्या लग्नाचं कारण काढून अंग काढून घेतलं, आणि पंधराव्या दिवशी, अगदी सांगितल्याबरहुकूम, मृणालिनीच्या कपाळावर पहिला फोड आला.

रोज संध्याकाळी तो दोरीशी उभा राहून ओरडायचा, "कशी आहेस?"

"बरी आहे!" क्षमा खिडकीतून म्हणायची. "अहो, मला तुम्हाला एक—"

"बोलू नकोस! पडून राहा!"

पुढे पुढे तिने सांगायचा प्रयत्नही सोडला. ती नुसती हात हलवायची आणि आडवी व्हायची. श्यामसुंदरला वाटायचं, अशक्तपणा वाढतोय. तो खिशातली चिठ्ठी चाचपून बघायचा आणि पुन्हा भात लावायला आत जायचा.

रजा मिळवणं भाग होतं. ऑफिसात हेडक्लार्क सहदेव गवाणकर बसायचे. नियमांचं पुस्तक त्यांना पाठ होतं आणि माणसांची नावं मात्र लक्षात राहत नसत. "हे बघ पेडणेकर," ते श्यामसुंदरला म्हणाले, "घरात साथीचा रोग असला तर खास रजा आहे. यादी ऐक. पटकी, प्लेग, घटसर्प, देवी. कांजिण्या नाहीत."

"साहेब, बायको आठ महिन्यांची—"

"बायको या कलमात येत नाही." मग त्यांना दाढीतल्या त्या चेहऱ्याची जरा दया आली असावी. "मात्र खाली टीप आहे. रोग देवीचा असावा अशी आरोग्य अधिकाऱ्यास शंका असल्यास, शंका फिटेपर्यंत रजा मिळेल. पगारी."

दुसरा कुणी असता तर 'देवी' हा शब्द ऐकून मागे सरला असता. पण श्यामसुंदर सरकारी नोकरीत चौदा वर्षं मुरला होता. त्याने विचार केला, देवी नकोत, नुसती शंका पाहिजे. शंकेने कुणाचं काय बिघडतं? आपण स्वतः जन्मभर शंकेवरच तर जगलो. आणि तो मृणालिनीला गोधडीत गुंडाळून, टांगा करून, थेट आरोग्य अधिकाऱ्यापुढे उभा राहिला.

अधिकाऱ्याने पोरीकडे एकदाच पाहिलं. "कांजिण्या आहेत."

"खात्रीने?"

"खात्रीने."

"म्हणजे साहेब, शंभर टक्के?"

"अहो, शंभर टक्के कुणाचं काय सांगता येतं?"

"मग तेवढंच लिहून द्या," श्यामसुंदर म्हणाला.

शंकेचा दाखला घेऊन तो घरी आला तो जिंकून आल्यासारखा. रजा मंजूर झाली. तीन दिवस झकास गेले. चौथ्या दिवशी सकाळी गावठाणाच्या तोंडाशी एक जीप थांबली आणि तिच्यातून पाच माणसं, पांढऱ्या पावडरीचा डबा आणि देवीची लस उतरली. शंकेची एक प्रत श्यामसुंदरने ऑफिसात दिली होती. दुसरी प्रत सरकारने स्वतःकडे ठेवली होती, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या दिवशी चकाल्यात त्रेसष्ट माणसांना टोचलं. रत्नप्रभाबाई कोंबड्यांच्या खुराड्यामागे लपल्या, त्यांना तिथे जाऊन टोचलं. पेट्रिशिया नावाच्या पोरीचं रविवारी लग्न होतं आणि झग्याला बाह्या नव्हत्या. तिने रडून आकांत केला, तरी टोचलं. श्यामसुंदरला दोन्ही दंडांवर टोचलं, कारण पहिल्या वेळी तो हलला. वाड्याच्या फाटकावर लाल अक्षरांचा बोर्ड लागला: 'संशयित रोगी. प्रवेश करू नये.' टोचणाऱ्यांपैकी एक जण जाताना म्हणाला, "अहो, या तर साध्या कांजिण्या दिसतात." "मग बोर्ड काढा ना," श्यामसुंदर म्हणाला. "बोर्ड लावणं आमच्याकडे आहे," तो म्हणाला, "काढणारं खातं वेगळं."

गावठाणात त्याच्याशी कुणी बोलेनासं झालं. सगळ्यांचे दंड सुजले होते. ते त्याने सोसलं असतं. पण आठवड्याने पोस्टकार्ड आलं. नर्सिंग होमने अदबीने कळवलं होतं की आपल्या घराची नोंद संशयित म्हणून झाल्याने सौ. वालावलकर यांचं नाव तूर्त कमी करण्यात येत आहे.

श्यामसुंदर ते कार्ड हातात घेऊन विहिरीच्या पायरीवर बसला. बाळंतपणाला दोन आठवडे राहिले होते. ज्या दारातून डॉक्टरीणबाई न बोलता आत गेल्या होत्या, ते दारसुद्धा आता मिळणार नव्हतं, आणि हे सगळं त्याने पगारी रजेसाठी स्वतःच्या हाताने केलं होतं. क्षमाला काही झालं तर तिला मारणारा रोग नसणार, तिचा नवरा असणार. हे त्याच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी तो शंका परत घ्यायला अधिकाऱ्याकडे धावला. तिथला कारकून म्हणाला, "ज्यांनी शंका घेतली त्यांनीच ती काढायची. साहेब रजेवर आहेत."

"कसली रजा?"

"त्यांच्या घरी कांजिण्या आल्यात."

"कांजिण्यांना रजा मिळत नाही!" श्यामसुंदर किंचाळला.

"त्यांनी दाखला आणला," कारकून म्हणाला.

मग तो इतर दोन प्रसूतिगृहांत गेला. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच: "चकाला? म्हणजे त्या बोर्डाच्या वाड्यात?" घरी परतला तेव्हा प्रेमा दारात उभी राहून अभिमानाने फ्रॉक वर करून दाखवत होती. तिलाही आल्या होत्या. वाट लागली ती अशी सगळ्या बाजूंनी लागली.

"मावशी," तो दोरीच्या अलीकडून म्हणाला. "आता काय करू?"

"काय करतंस? मी हाय ना."

"पण मागच्या वेळी रक्त—"

"मला म्हाईत हाय. चारशेच्यावर पोरां माज्या हातावर आली, बाला. तू भात बघ, करपतोय."

भात खरोखरच करपला होता.

एप्रिल म्हणजे मावशींच्या अंगणात मसाल्याचा महिना. मिरच्या वाळून झाल्या होत्या, भाजलेल्या धण्यांचा वास सुटला होता आणि चार बायका लाकडी मुसळं घेऊन ओळीने कुटायला उभ्या होत्या. बेचाळिसाव्या दिवशी, दुपारचे बारा वाजता, मागच्या खोलीतून क्षमाची हाक आली. ओरडणं नव्हतं ते, नुसतं "मावशी." श्यामसुंदरला ते मिरच्यांच्या खाटेवरून, मुसळांच्या आवाजातून ऐकू आलं. मावशी हात पुसत आत गेल्या आणि दार लावलं.

तेच दार, असं त्याला वाटलं. घर दुसरं होतं, पण दार तेच. तो दोरीशी उभा राहिला. अंगात कणकण होती, डोकं ठणकत होतं, पण भीतीने असं होतं हे त्याला अनुभवाने माहीत होतं. मुसळं चालू होती: धप, धप, धप, धप. मुलं उंबरठ्यावर एकमेकांना चिकटून बसली होती. मृणालिनी म्हणाली, "बाबा, आई मरणार का?" तो तिला दटावायला गेला. तिच्या मनात हे आपणच घातलं हे त्याला कळलं. त्याने तिघांना जवळ ओढलं.

एक वाजला. मग एका बाईने मुसळ थांबवलं. तिला पाहून दुसरीने. चौघी दाराकडे बघायला लागल्या आणि अंगणात एकदम शांत झालं. ती शांतता श्यामसुंदरला सहन होईना. "कुटा!" तो ओरडला. "कुटा ना हो! थांबू नका!" बायका दचकल्या, पण कुणी कुटलं नाही. त्याने दोरी हातात धरली. बेचाळीस दिवसांत त्याने ती ओलांडली नव्हती. खिशातली चिठ्ठी काढली तर घामाने अक्षरं पुसून गेली होती.

आणि आत कुणीतरी रडलं. बारीक, चिडखोर आवाज, मिरचीचा ठसका लागल्यासारखा.

दार उघडलं. मावशी बाहेर आल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या एका क्षणात श्यामसुंदर चार वर्षं मागे गेला.

"पोरगी झाली," मावशी म्हणाल्या.

"क्षमा?"

"चाय मागतंय."

श्यामसुंदर वालावलकर, वय अडतीस, सरकारी नोकर, दाढी बेचाळीस दिवसांची, चार बायकांसमोर विहिरीच्या पायरीवर बसून हुंदके देऊन रडला. बायकांनी पुन्हा मुसळं उचलली. मग डोळे पुसून तो दोरीखालून वाकून जायला निघाला, तेव्हा मावशींनी त्याची कॉलर धरली, मान उजेडाकडे वळवली आणि दाढीत बोट घालून बघितलं.

"कुटं चाललास? तुलाच आल्यात की."

"शक्य नाही! मला दोनदा—"

मालवणाहून थोरल्या भावाचं पत्र आलं तेव्हा खुलासा झाला. दोनदा आल्या होत्या त्या भावाला. श्यामसुंदर पाल्यावर झोपला होता तो हट्टाने, भावाला मिळतं तर मला का नाही म्हणून.

मोठेपणी कांजिण्या वाईट निघतात. दहा दिवस तो आपल्याच घरात आतल्या खोलीत पडून होता. दोरी तीच होती, फक्त बाजू बदलली होती. मुलांचं आता सगळं उरकलं होतं. ती आईकडे जात-येत होती आणि शिट्टी अनंतच्या गळ्यात होती. श्यामसुंदर उंबरठ्याशी आला की ती वाजायची. प्रेमा दारातून बिनफोडणीची आमटी आत सरकवायची आणि संपेपर्यंत उभी राहायची.

अकराव्या दिवशी सकाळी क्षमा बाळाला घेऊन चालत आली. दोरीखालून वाकली आणि सरळ त्याच्या खिडकीशी.

"मागे हो!" श्यामसुंदर ओरडला. "क्षमा, वेड लागलंय का? बाळ! तुला होतील!"

"मला नाही होत," क्षमा म्हणाली. तिने डाव्या कानामागचे केस वर केले. तिथे एक बारीक, जुना खड्डा होता. "सातव्या वर्षी येऊन गेल्यात मला. आईच्या येऊन गेल्या असल्या म्हणजे बाळाला भीती नसते, मावशी म्हणाल्या. आणि डॉक्टरीणबाईही म्हणाल्या. त्या दोनदा मागच्या दाराने येऊन मला बघून गेल्या, मावशींच्या ओळखीने. तुम्ही पुढे शिट्टी घेऊन उभे होतात."

श्यामसुंदरने हिशेब केला. बेचाळीस दिवस. फोडणी नाही, दाढी नाही, तीन वेण्या, त्रेसष्ट दंड. "आणि तू मला सांगितलं नाहीस!"

"पहिल्या दिवशी सांगत होते. दुसऱ्या दिवशी पण. तुम्ही बोलू दिलं नाही." तिचा चेहरा भरला होता, डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. इतकी बरी ती त्याला लग्नानंतर कधी दिसली नव्हती. "मग तिसऱ्या दिवशी मला दुपारी झोप लागली. आठ वर्षांत पहिल्यांदा. मला पण भीती वाटत होती हो. तुमच्याहून जास्त. डॉक्टरीणबाईंनी विश्रांती सांगितली होती, आणि ती मला या घरात कुणी दिली असती? मावशींना म्हटलं, राहू दे. तुमच्या ऑफिसात कांजिण्यांना रजा नाही. मला मिळाली."

त्याला राग आला. निदान यायला हवा असं वाटलं. त्याने छाती फुगवली, गजांना दोन्ही हातांनी धरलं. पण समोर बाळाने जांभई दिली, आणि तिच्या कपाळावर एकही डाग नव्हता, आणि तिची आई उभी होती, जिवंत, केसांना तेल लावलेली. त्याच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. तरी नवरेपणाची अब्रू म्हणून तो म्हणाला, "क्षमा, तुला मी आता एकदा स्पष्टच—"

"अहो," क्षमा बाळाला खांद्यावर घेत म्हणाली, "बोलू नका. दम लागेल."